रानातला ओंडका रस्त्यापर्यंत: पहिला एक किलोमीटर

बंडीवाला | ११ एप्रिल, रात्री १०:४०

मार्च २०२३ मध्ये बल्लारशाच्या डेपोतून अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी सागवान निघालं, तेव्हा चंद्रपुरात मोठी शोभायात्रा झाली. ट्रक सजवलेले, ओंडक्यांवर फुलं, ढोलताशे. आमचे बाबा टीव्हीसमोर बसून हे बघत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ट्रकले हार घातले. बंडीले कोनी घालत नाई."

बाबांनी वीसेक वर्षं गडचिरोलीतल्या अहेरी तालुक्यातल्या कुपांमध्ये (कूप म्हणजे तोडीसाठी आखलेला रानाचा तुकडा) बैलबंडी चालवली. पाऊस संपला की बंडी घेऊन रानात, आणि मिरगाच्या आधी घरी. तेव्हा मला वाटायचं की लाकडाचं काम म्हणजे कुऱ्हाड आणि आरा. बाबा हसायचे. झाड पाडायला काय, अर्धा तास. आलापल्लीहून बल्लारशाला ट्रकनं जायला एक दिवस. खरं काम मधलं. थुटापासून, म्हणजे पाडलेल्या झाडाच्या उरलेल्या खुंटापासून, गाडीरस्त्यापर्यंतचं अर्धा-एक किलोमीटर. तिथं ना रस्ता, ना सपाटी. वर बांबूची बेटं, खाली नाला.

त्यांचं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ आहे: "लाकूड ओढाले ताकद नाई लागत, वाट लागते."

कूप लागला की बाबा पहिले दोन दिवस बैल जुंपायचेच नाहीत. नुसते फिरायचे. कोणतं झाड कोणत्या अंगाला पडलंय, बुंधा कुठं, कुठली झुडपं छाटली की बंडी वळेल, नाला कुठं उथळ आहे. तोडणाऱ्यांशी ओळख असेल तर आधीच सांगून ठेवायचे की अमुक झाड तमुक अंगाला पाडा. झाड चुकीच्या बाजूला पडलं तर त्याची शिक्षा तोडणाऱ्याला नाही, बैलांना.

मग ओंडके. बारीक गोल लाकडं आणि बल्ल्या (लांब वासे) सरळ बंडीत. जाड ओंडक्यापर्यंत बंडी पोचतच नसे, म्हणून तो बंडी उभी राहील अशा जागेपर्यंत साखळीनं ओढत आणायचा. ओढण्याआधी पुढच्या तोंडाची कड कुऱ्हाडीनं गोल तासायची. सरळ कापलेलं तोंड मातीत नांगरासारखं रुततं. तासलेलं तोंड दगडावरून, मुळीवरून वर चढतं. लहानपणी मी एकदा बाबांसोबत गेलो होतो तेव्हा हे तासणं बघितलेलं आठवतं. चार बोटं जाडीची कड, गोल फिरत फिरत, एकाही घावाला दुसऱ्यांदा हात न लावता. तासलेले तुकडे आई चुलीला न्यायला सांगायची, पण बाबा आणायचे नाहीत. कुपातली काडीही घरी नेली तर दुसऱ्या दिवशी नाकेदार (वनरक्षक) दारात.

चढवायची रीत अशी: बंडीची चाकं दगड लावून घट्ट करायची. दोन मजबूत बल्ल्या जमिनीवरून बंडीवर तिरप्या टेकवायच्या. ओंडका त्यांच्याशी आडवा आणून खालून सब्बल (पहार), वरून दोर, आणि चार जणांनी एका आवाजात लोटत वर न्यायचा. एक टोक पुढं गेलं की थांबायचं, दुसरं बरोबरीला आणायचं. बंडी उलटते ती इथंच.

आणि उतार. सगळ्यांना वाटतं चढ अवघड. चढावर बैल दमतात एवढंच. उतारावर ओंडका बैलांच्या मागच्या पायांवर येतो. बाबा उतार आला की बंडीच्या मागं एक पानांसकट मोठी फांदी बांधायचे, ती घासत घासत येते आणि बंडीला पळू देत नाही. त्यांच्या उजव्या पायाच्या दोन बोटांना नखं नाहीत, ती अशाच एका उताराची आठवण. त्या दिवशी फांदी बांधली नव्हती.

जाड लाकडाला कमलापूरकडे हत्ती असायचे. आज तो राज्यातला वनविभागाचा हत्ती कॅम्प म्हणून प्रसिद्ध आहे, लोक फोटो काढायला जातात, आणि २०२२ मध्ये हत्ती गुजरातला हलवायची गोष्ट निघाली तेव्हा आमच्या भागातून केवढा विरोध झाला ते आठवत असेल. पण हे हत्ती आणले ते लाकूड ओढायला. बाबांना हत्तीचा हेवा वाटायचा. बैल एकदा अडला की ओरडा, मारा, काही करा, उपयोग नाही. हत्ती अडला की स्वतः मागं फिरतो, ओंडका सोंडेनं थोडा बाजूला करतो आणि परत लागतो. "त्याले वाट दिसते," असं बाबा म्हणतात.

बैल विकून पंधरा वर्षं झाली. जू आणि साखळी अजून पडवीत आहे. तुमच्याकडे, म्हणजे कोकणात, मेळघाटात, धुळे-नंदुरबारकडे, परदेशात, हे मधलं अंतर कसं पार करतात? शब्द काय आहेत?

---

शंकासुर | ११ एप्रिल, रात्री ११:१५

"ताकद नाई लागत, वाट लागते." बाबांना दंडवत. आमच्याकडे ताकदही लागते आणि वाटही लागते, पण वेगळ्या अर्थानं.

एक शंका. ट्रॅक्टर का नाही?

---

बंडीवाला | ११ एप्रिल, रात्री ११:३२

आला ना ट्रॅक्टर. म्हणून तर बैल विकले. पण ट्रॅक्टरला बंडीपेक्षा रुंद वाट लागते, म्हणजे तोडीची खूण नसलेली झाडंही बाजूला करावी लागतात. आणि ओल्या मातीत तो एकदा फसला की त्याला काढायला दुसरा ट्रॅक्टर. बैल फसला तर शेपूट पिळली की निघतो (बाबांच्या शब्दांत, प्राणिमित्रांनी माफ करावं).

---

माजी_वनपाल | १२ एप्रिल, सकाळी ७:०५

बंडीवाला, छान लिहिलंत. माझी बहुतेक नोकरी चंद्रपूर-गडचिरोलीत गेली, त्यामुळे थोडी कागदाची बाजू जोडतो. तुमच्या बाबांच्या बंडीमागे एक वही चालत असे.

कुपात सरसकट तोड नसते. आधीच्या हंगामात मार्किंग होतं. झाडाला छातीच्या उंचीवर आणि खाली बुंध्याशी, दोन ठिकाणी साल काढून क्रमांक टाकतात, हातोड्यानं शिक्का मारतात. खालची खूण मुद्दाम इतकी खाली की झाड पाडल्यावर ती थुटावर राहिली पाहिजे. झाड पाडून तुकडे झाले की प्रत्येक तुकड्याची लांबी आणि मधोमध गोलाई मोजायची, तोंडावर झाडाचा क्रमांक आणि तुकड्याचा क्रमांक. मग बंडी. रस्त्यावरच्या थप्पीत परत मोजणी. वाहतूक पास. डेपोत पुन्हा मोजणी. कुठल्याही डेपोत पडलेल्या ओंडक्याच्या तोंडावरून मागं मागं जात तुम्ही रानातल्या त्याच्या थुटापर्यंत पोचू शकला पाहिजेत. पोचला नाहीत तर कोणीतरी घरी बसतं.

म्हणून बंडीवाल्यावर आमचा डोळा असायचा, आणि भरवसाही त्याच्यावरच. बंडीत तोंडं एका बाजूला करून लाकूड भरणारा माणूस मोजणीचा अर्धा दिवस वाचवतो. उलटसुलट भरणाऱ्याला सगळेच शिव्या देतात.

हंगामाचं म्हणाल तर पावसाळ्याच्या आत रान रिकामं झालंच पाहिजे. भामरागडकडे पर्लकोटा नदीला पूर आला की माणसं अडकतात, तिथं लाकडाचं काय.

रस्ते नव्हते तेव्हा नदी हाच रस्ता होता. अहेरी-सिरोंचाकडचं लाकूड प्राणहिता-गोदावरीतून खाली राजमहेंद्रीकडे जाई. गंमत अशी की ओला साग नीट तरंगत नाही. म्हणून मलबारात आणि ब्रह्मदेशात उभ्या झाडाची साल आणि खालचं पांढरं लाकूड गोल कापून ठेवत आणि झाड दोन-तीन वर्षं उभ्या-उभ्या वाळू देत. मग पाडून नदीत. वाळलेलं असल्यामुळे हत्तीलाही हलकं.

---

वघईचा_जावई | १२ एप्रिल, सकाळी ९:५०

गुजरातेतल्या डांगचा साग विसरू नका. इंग्रजांनी १८४२ मध्ये डांगच्या राजांकडून जंगल भाडेपट्ट्यानं घेतलं ते लाकडासाठीच. आणि वघईपासून बिलीमोऱ्यापर्यंतची गायकवाडांची ६३ किलोमीटरची छोटी रेल्वे (१९१३) मुळात जंगलातला माल उतरवायलाच. आता तिच्यातून सहली जातात. सासुरवाडीला जाताना दोनदा बसलोय. सायकलवाला पुढं जातो.

---

हिरवाई | १२ एप्रिल, दुपारी १:२०

सगळे इतक्या कौतुकानं लिहितायत की जणू झाडं तोडणं म्हणजे सण आहे. एक शब्दही नाही की मुळात ही झाडं का पाडायची.

---

बंडीवाला | १२ एप्रिल, दुपारी २:०४

हिरवाई, राग समजतो. पण तुमच्या-माझ्या घराची चौकट कुठून आली? आमच्या भागात लाकूड कोणी ओढलं हा प्रश्न नव्हता. पैसा कोणाकडे गेला हा होता. बंडीवाल्याला खेपेचा दर, माडिया आदिवासी मजुराला रोजी, आणि डेपोतल्या लिलावात त्याच लाकडाचा भाव ऐकून गावात कोणाचा विश्वास बसत नसे.

---

लेखावाला | १२ एप्रिल, दुपारी ४:४५

इथं मेंढा-लेखा या गावाचं नाव यायलाच हवं. गडचिरोलीतला धानोरा तालुका. सामूहिक वनहक्क (जंगलावर साऱ्या गावाचा हक्क) मिळाला २००९ मध्ये, पण बांबू गावचा आणि वाहतूक पासचं पुस्तक वनखात्याकडे. म्हणजे बांबू कापा, पण गावाबाहेर नेऊ नका! २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. गावचे पुढारी देवाजी तोफा, त्यांच्या या गावानं मग स्वतःच्या सहीनं बांबू विकला. साग नव्हे, बांबूच. पण बंडीवाल्यांचा जो 'मधला किलोमीटर' आहे त्यात बैलाइतकाच हा कागदही ओढावा लागतो.

---

आडवळणी | १५ मे, रात्री ९:१०

धागा वर काढतोय कारण गळ्याशी आलंय. मदत करा.

राजापूरकडे आमची वडिलोपार्जित जमीन आहे, रस्त्याच्या खालच्या अंगाला. आजोबांनी लावलेली सागाची चार झाडं परवानगी काढून तोडली. रीतसर, शिक्के मारून. व्यापाऱ्याशी तोंडी ठरलं, अमुक रुपये घनफूट. झाडं आडवी झाल्यावर तो म्हणतो, हा भाव रस्त्यावरचा. जाग्यावरून उचलायचं तर निम्मा. लाकूड रस्त्यापासून दोन-अडीचशे मीटर खाली आहे, मध्ये व्हाळ (ओढा). आत्ता कोरडा आहे, पण पाऊस आला की संपलं. गावात बैलजोडी एकही उरली नाही. जेसीबीवाला येऊन बघून गेला आणि व्हाळाकडं बोट दाखवून हसला.

एकूण सहा ओंडके. सगळ्यात मोठा दहा फुटी, मध्ये गोलाई चार फुटांच्या जवळ. दुसरं, व्यापारी मोजतोय त्या हिशेबानं लाकूड फारच कमी भरतंय. फसवतोय का?

---

माजी_वनपाल | १५ मे, रात्री १०:००

आधी मोजणी. तुमचा मोठा ओंडका ३ मीटर लांब, १२० सेंटिमीटर गोलाई धरू. आपल्याकडे गोल लाकूड चौथाई गोलाईनं मोजतात: गोलाईचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. ०.३० × ०.३० × ३ = ०.२७ घनमीटर, म्हणजे साडेनऊ घनफूट. शाळेतल्या सूत्रानं खरं घनफळ काढलंत तर ०.३४४ घनमीटर, बारा घनफुटांच्या वर. व्यापारी चौथाईनं मोजत असेल तर ती फसवणूक नव्हे, व्यवहाराची रीत आहे. बाजारातला भावही त्याच मापावर बोलला जातो. फसवणूक कधी? भाव एका मापाचा आणि मोजणी दुसऱ्या मापाची असेल तेव्हा.

साल धरून की काढून, हे ठरलं होतं का? साल एक सेंटिमीटर जाड असली तर गोलाई सव्वासहा सेंटिमीटरनं घटते आणि घनफळ दहा टक्क्यांनी. लोक इथं खातात. टेप ओंडक्याच्या बरोबर मध्यावर लावतोय का तेही बघा. वरच्या टोकाकडे वीतभर सरकवला तरी फरक पडतो.

वाहतूक पास मिळेपर्यंत एकही तुकडा रस्त्याच्या पलीकडे जाऊ देऊ नका. रस्त्यापर्यंत, तुमच्याच हद्दीत आणून रचायला हरकत नाही. तोंडावरचे शिक्के घासले जाणार नाहीत एवढं सांभाळा.

---

शंकासुर | १५ मे, रात्री १०:२०

खऱ्या घनफळानं त्या एका ओंडक्याचं वजन किती होईल?

---

माजी_वनपाल | १५ मे, रात्री १०:३१

ओला आहे. तीनशे ते साडेतीनशे किलो धरा. सहा जणांनी खांद्यावर घेतला तरी माणशी पन्नासच्या वर, आणि चढावर. नका करू. मी एकाला पाठ मोडून घेतलेलं पाहिलंय.

---

सुओमीकर | १६ मे, पहाटे १:४०

फिनलंडमधून. माझा शेजारी जंगलमालक आहे, इथं निम्मा देश जंगलमालक आहे म्हणा. एक यंत्र झाड कापून, फांद्या काढून, तुकडे करून ठेवतं. दुसरं ते तुकडे उचलून पाठीवर रचतं आणि रस्त्याकडेला आणून ठेवतं. ओढत नाहीत, उचलून नेतात, म्हणून जमीन उकरत नाही. तरी यंत्राच्या चाकांखाली कापलेल्या फांद्या अंथरतात. आणि शक्यतो कडाक्याच्या थंडीत, जमीन गोठलेली असताना. बर्फ वितळायच्या दिवसांत मातीचे रस्ते इतके मऊ होतात की अवजड गाड्यांना बंदी. तुमचा मान्सून तसा आमचा वसंत.

आडवळणी, तुम्हाला एवढंच घेण्यासारखं: ओढायच्या वाटेवर फांद्या टाका. नाहीतर पहिल्या पावसात त्या चरीचा ओहोळ होईल.

---

कप्पीशेठ | १६ मे, सकाळी ८:१५

गॅरेजवाला आहे, चिपळूण. हे काम चेनपुलीचं. वर रस्त्याच्या अंगाला जाडजूड जिवंत झाड बघा. त्याला पोतं गुंडाळून पट्टा बांधा, साल कापली जाणार नाही. त्याला चेनपुली. दीड-दोन टनी भाड्यानं मिळते. चेनपुली एका वेळी तीन मीटरच खाते, म्हणून मध्ये वायररोप घ्यायचा आणि पकड बदलत यायचं. हळू जातं, पण जातं. एका ओंडक्याला अर्धा दिवस धरा.

सांभाळायचं ते हे. नायलॉनचा दोर अजिबात नको. ताणून तुटला की साप होतो. वायररोपच्या कोनाच्या आतल्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही. ओंडक्याच्या खालच्या अंगाला तर कोणीच नाही. दर दहा फुटांवर ओंडक्यामागं दगड किंवा पाचर. विसरलात तर परत व्हाळात.

---

बंडीवाला | १६ मे, सकाळी ८:५०

बाबांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. त्यांचे दोन प्रश्न: व्हाळाचा काठ कुठं सर्वात ठेंगणा आहे? आणि सरळ रेघेत ओढायचा हट्ट कोणाचा? ते म्हणतात, अडीचशे मीटर सरळ वर ओढण्यापेक्षा चारशे मीटर तिरपं ओढा. आणि तोंड तासा. तोंड तासल्याशिवाय चेनला हात लावू नका.

---

माजी_वनपाल | १६ मे, सकाळी ९:०५

तासताना शिक्का ज्या तोंडावर आहे ते नव्हे, दुसरं!

---

हिरवाई | १६ मे, सकाळी ११:३०

थुटं उकरून काढू नका. सागाला थुटातून फुटवे येतात. त्यातला एक जोमदार ठेवून बाकीचे काढले की तुमच्या नातवाला परत हाच धागा लागेल.

---

आडवळणी | ४ जून, संध्याकाळी ६:२५

आलं! सहापैकी पाच रस्त्यावर.

वाट शोधायलाच दोन दिवस गेले. व्हाळ जिथं ओलांडायचं ठरवलं होतं तिथून पन्नास पावलं वर एक जुनी ढोरवाट निघाली. आजोबांच्या वेळची असणार, दगड बसवलेले होते, वर करवंदीनं गच्च. ती मोकळी केल्यावर अर्धं काम झालं. तोंडं तासली. माझ्याकडून कड कापूसकोंड्यासारखी झाली, पण चालली. चेनपुली, वायररोप, चार गडी, सहा दिवस. रस्त्यावर थप्पी बघून व्यापारी स्वतःहून आला. साल काढून, मध्यावर टेप, माझ्यासमोर मोजलं. भाव रस्त्यावरचा. भाडं, मजुरी जाऊन जाग्यावरच्या भावापेक्षा बरेच हातात राहिले.

सगळ्यात मोठा मात्र व्हाळातच आहे. तो शेवटी ठेवला, ही चूक. काल वळीव झाला आणि आता घोट्याएवढं पाणी आहे. दिवाळीपर्यंत तिथं राहिला तर सडेल का?

---

माजी_वनपाल | ४ जून, संध्याकाळी ७:१०

आतलं लाल लाकूड एका पावसाळ्यानं काही होत नाही. बाहेरचं पांढरं थोडं जाईल. काठावरच्या झाडाला साखळीनं दोन्हीकडून बांधा, आणि दोन्ही तोंडांवर क्रमांक तेलरंगानं लिहा. पुरात गेला तर कागद तुमच्याकडे आणि लाकूड खालच्या गावात. आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवून ठेवा की एक नग अजून जाग्यावर आहे. पासाच्या मुदतीचं तेच सांगतील.

---

बंडीवाला | ४ जून, रात्री ८:४०

बाबा विचारतायत, बुंध्याकडचं तोंड चढाच्या अंगाला आहे की पाण्याच्या?

---

आडवळणी | ४ जून, रात्री ८:४४

पाण्याच्या.

---

बंडीवाला | ४ जून, रात्री ८:५२

मग वरचं तोंड उद्याच तासून ठेवा म्हणतात, लाकूड ओलं आहे तोवर कुऱ्हाड बसते. आणि ढोरवाटेवरची करवंदं दिवाळीत परत छाटावी लागतील. साखळी हवी असेल तर आमची पडवीतली पाठवतो. गंजली आहे, पण कडी एकही उघडलेली नाही.